मुद्दल न मोडणारी रसायनविद्या

मटण शिजायला घालण्यापूर्वी त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. मांस मऊ पडते ते पपईच्या चिकातल्या पपेन नावाच्या विकरामुळे. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे बहुधा प्रथिन असते. स्वतः खर्ची न पडता ते रासायनिक क्रिया घडवून आणते. पातेले खळखळा उकळू लागले, की मात्र त्याचा कारभार आटोपतो. उष्णतेने त्याची घडी विस्कटते, आणि घडी हेच विकराचे सारे सामर्थ्य.

स्वयंपाकघरात याचे कुणाला दुःख नाही. कारखान्यात मात्र हा हिशेब अंगावर येतो. तिथे विकर पाण्यात साखरेसारखे विरघळून जाते. काम झाल्यावर ते पुन्हा वेगळे काढणे जिकिरीचे, म्हणून सोडून द्यावे लागते. जे खर्ची पडत नाही, तेच दर घाण्याला फेकायचे! ज्याची उमर बँकेच्या खातेवह्यांत गेली, त्याला ही मुद्दलाची उधळपट्टी वाटणारच. मुद्दल राखून व्याजावर जगायचे, तर विकराला एका जागी बांधून ठेवले पाहिजे.

ही युक्ती जुनी आहे. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना अमेरिकेत आढळले, की साखर फोडणारे इन्व्हर्टेज कोळशाला चिकटूनही काम करते. १९६९ साली जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या विकराच्या साहाय्याने अमिनो आम्लांचे कारखानी उत्पादन सुरू केले. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत हा धागा येतो. अ‍ॅमॉक्सिसिलीनसाठी पेनिसिलीनचा रेणू एका नेमक्या जागी तोडावा लागतो. रसायनांनी तो तोडायचा, तर उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी जहाल द्रव्ये लागत. बांधलेले पेनिसिलीन असायलेज तेच काम पाण्यात, कोमट तापमानाला आणि पुनःपुन्हा करते.

पण नुसते चिकटवलेले विकर हळूहळू सुटते आणि घट्ट जखडलेले कधी कधी वाकडे होऊन निकामी ठरते. म्हणून आता शास्त्रज्ञ त्याच्यासाठी घरच बांधू लागले आहेत. इमारतीभोवतीची बांबूंची परांची आठवा. सांध्यांच्या जागी धातूचे अणू आणि बांबूंच्या जागी सेंद्रिय रेणू कल्पिले, की धातू-सेंद्रिय जाळी तयार झाली. ती इतकी पोकळ, की काही जाळ्यांच्या एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. या जाळ्यांसाठीच सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

झिफ-८ ही त्यांतली एक जाळी. जस्ताचा क्षार आणि मिथाइल इमिडॅझोल पाण्यात विकराबरोबर मिसळले, की साध्या तापमानाला विकराभोवतीच स्फटिक वाढतो. त्याच्या खिडक्या एका नॅनोमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढ्या. विकर बाहेर पडू शकत नाही, छोटे रेणू मात्र ये-जा करतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी असे कोंडलेले विकर उकळत्या पाण्यातून काढले, तरी ते काम करत होते. भोवतालचा स्फटिक त्याची घडी विस्कटू देत नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ट्रिप्सिन हे विकर अशाच, पण धातूविरहित जाळीच्या पोकळ गोळ्यांत सामावून दाखवले.

लॉकरमधले सोने सुरक्षित असते, पण कमावत नाही. विकराला सुरक्षितही राहायचे आहे आणि कमवायचेही आहे. खरी मेख इथे आहे. स्टार्चसारखे अवजड रेणू झिफ-८ च्या खिडकीतून शिरतच नाहीत. आम्लात ही जाळी विरघळते. कॅटलेज नावाचे विकर तर तिच्यात निष्क्रिय झाले, कारण तिच्या भिंती पाणी दूर लोटणाऱ्या. पाण्याशी सख्य असलेल्या जाळीत तेच विकर कामाला लागले, असे २०१९ साली दिसले. थोडक्यात, प्रत्येक विकराचे बिऱ्हाड वेगळे.

तेव्हा उकळत्या पाण्यातला पराक्रम ही पहिली परीक्षा झाली. दुसरी कारखान्यातली. तिथे प्रश्न एवढाच, की किती घाण्यांनंतर त्या घराचा खर्च भरून निघतो. त्याचे उत्तर अनुकूल आले, तर काही औषधे थंडीवाचून, जहाल द्रव्यांवाचून आणि कमी खर्चात तयार होऊ शकतील. मुद्दल जपल्याचे ते व्याज सगळ्यांच्याच पदरात पडेल.