बोटीच्या आदली रात्र : क्रूझला निघताना मुंबईतला मुक्काम कसा ठरवावा?



आजचा पाठ वेळेच्या गणिताचा आहे. पण उदाहरण पुस्तकातलं नाही, आपल्याच किनाऱ्यावरचं आहे.

हल्ली मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर आपल्याकडचीही माणसं जाऊ लागली आहेत. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्ती, मुलाची पहिली नोकरी, काहीतरी निमित्त असतं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने असंच आपल्या आई-वडिलांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. दोघं चौलकडची, सुपारीची वाडी करणारी. उभ्या आयुष्यात दोघांनी मिळून केलेला हा पहिलाच प्रवास. बोट रविवारी दुपारी सुटणार होती. "मुंबई काय, समोर तर दिसते" असं म्हणून सकाळी गाडीने निघाले. वडखळच्या अलीकडे वाहतूक अडली. पुढे ड्रायव्हरने गाडी नेली ती भाऊच्या धक्क्यावर, कारण आपल्याकडे 'मुंबईची बोट' म्हटलं की तोच धक्का आठवतो. तिथे कळलं की क्रूझ दुसरीकडून सुटते. योग्य गेटवर पोहोचेपर्यंत ते बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. बोट अजून उभीच होती, पण आत सोडलं नाही. पैसेही परत मिळाले नाहीत. काकू नंतर म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे. नवीन लुगडं नेसून गेटबाहेर उभी राहिले, त्याचं वाईट वाटलं."

ही चूक कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाली नाही. गणित उलटं मांडायला हवं होतं, ते सुलटं मांडलं गेलं. ते कसं मांडायचं, ते आता पाहू.

१) बोट थांबत का नाही?

आपली एस.टी. थांबते. कंडक्टर घंटी वाजवतो आणि म्हणतो, "थांबा, आजी येतायत." आपल्याला त्याची सवय आहे. मोठ्या जहाजाचं तसं नसतं. सुटण्याआधी प्रवाशांची यादी पक्की करून संबंधित अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. सामानाची तपासणी आणि ओळखपत्रांची पडताळणी त्याआधीच संपवावी लागते. बंदरातून बाहेर काढायला पायलट आणि ओढबोटी ठरलेल्या वेळी येतात. म्हणून जहाज सुटण्याची वेळ आणि गेट बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. तुमच्या कामाची वेळ दुसरी. ती बोर्डिंग पासवर छापलेली असते. कागद हातात आला की आधी ती शोधा आणि तिच्याभोवती लाल पेनने गोल करा.

खरं तर आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. कोकणच्या आगबोटी चालू होत्या, तेव्हा दिघी, श्रीवर्धनसारख्या बंदरांत माणसं वळकट्या घेऊन वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसायची. पडावातून बोटीपर्यंत जायचं असे. बोट गेली की गेली! ती शिस्त आपल्या आजोबांना ठाऊक होती. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि आपण ती विसरलो.

२) मुख्य नियम : बोटीच्या दिवशी खाडी ओलांडायची नाही

हा एकच नियम पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं.

आपण आणि मुंबई यांच्यामध्ये पाणी आहे. ते होडीने ओलांडा, पुलाने ओलांडा नाहीतर पेण-पनवेलवरून वळसा घालून जा. अडचण येते ती तिथेच. वारा सुटला की होड्या बंद होतात. सलग सुट्ट्या आल्या की महामार्ग अडतो. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. यातलं काही आदल्या दिवशी घडलं, तर पुढची होडी किंवा पुढची गाडी मिळते. बोटीच्या दिवशी घडलं, तर पुढचं काही नसतं.

म्हणजे ज्या कामाला दुसरी संधी मिळते, ते आदल्या दिवशी उरकायचं. ज्याला दुसरी संधी नाही, त्या दिवशी फक्त छोटासा, शक्यतो पायी जाता येईल एवढाच प्रवास ठेवायचा. मुंबईतला रात्रीचा मुक्काम चैनीसाठी नाही, तो यासाठी आहे.

३) बोट नेमकी कुठून सुटते?

मुंबईत बोटीच्या जागा अनेक आहेत. आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो.

• गेटवे ऑफ इंडिया : इथे मांडव्याच्या प्रवासी बोटी आणि घारापुरीच्या बोटी लागतात. मोठं क्रूझ जहाज इथे लागत नाही.

• भाऊचा धक्का, माझगाव : इथे मांडव्याची रो-रो आणि रेवसच्या लाँच येतात.

• बॅलार्ड पिअर, इंदिरा डॉक : क्रूझचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल इथे आहे. हा डॉक १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक या नावाने सुरू झाला. एके काळी विलायतेच्या बोटीतून उतरलेले प्रवासी इथल्याच बॅलार्ड पिअर मोल स्टेशनवरून थेट आगगाडीत बसत. बोट आणि गाडी यांची सांगड तेव्हा रेल्वेच घालून देई. आता ती आपली आपण घालायची.

२०१८ साली सुरू झालेली मुंबई-गोवा 'आंग्रिया' भाऊच्या धक्क्याजवळच्या देशांतर्गत टर्मिनलवरून सुटत असे. तेव्हा "मागच्या वेळी पाहुणे तिथून गेले होते" यावर विसंबू नका. तुमच्या कागदावर जे टर्मिनल आणि जे गेट लिहिलं आहे तेच खरं. ते नाव एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून टॅक्सीवाल्याला दाखवा.

४) आदल्या दिवशी मुंबईत कसं जायचं?

अलिबाग, चौल, रेवदंड्याच्या लोकांना मांडवा-गेटवे प्रवासी बोट सोयीची. पाण्यातला प्रवास साधारण तासाभराचा. पावसाळ्यात मात्र ही सेवा बंद असते. सामान जास्त असेल किंवा स्वतःची गाडी न्यायची असेल, तर मांडवा-भाऊचा धक्का रो-रो आहे. ती २०२० साली सुरू झाली. गाडी नेणार असाल, तर ती तितके दिवस कुठे उभी करणार, हे आधी ठरवा. नाहीतर गाडी घरीच बरी.

रस्त्याने जायचं तर वडखळ, पेण मार्गे. पुढे उलव्याच्या बाजूने अटल सेतू घेतला की शिवडीला उतरता येतं. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल आहे. त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, हे लक्षात असू द्या.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या मंडळींना एस.टी. किंवा माणगाव, रोह्याची रेल्वे. रोहा-दिवा गाडी पेण, पनवेल करत जाते. पनवेलला उतरून हार्बर लाइनच्या लोकलने थेट सी.एस.एम.टी. गाठता येते. दिघी-आगरदांडा जंगलजेटी धरून जाणार असाल, तर तिथल्या रांगेचा वेळही गणितात धरा.

घरून सकाळी निघा, संध्याकाळी नको. संध्याकाळची शेवटची बोट चुकली, तर तुमचा आदला दिवसही वाया गेला. दुपारची बोट चुकली, तर मागची असते. सगळ्या बोटी बंद झाल्या, तरी रस्ता उरतो.

आणि बोट बंद आहे असं धक्क्यावर सांगितलं, तर वाद घालू नका. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत ती आठवण अजून आहे. समुद्राने 'नको' म्हटलं की नको. त्यासाठीच तर आपण एक दिवस हाताशी ठेवला आहे.

५) मुक्काम कुठे करायचा?

आता वरचा नियम इथे लावून पाहा.

"डोंबिवलीला मावशी आहे की!" मावशी आहे, जेवण उत्तम होईल, पण सकाळी सामानासह लोकल आणि मध्ये कळव्याची खाडी. "विरारला भाचा आहे." मध्ये वसईची खाडी. "पनवेल, वाशीला लॉज स्वस्त मिळेल." पुन्हा खाडी! नातेवाइकांना परतीच्या वेळी भेटा. तेव्हा गेट बंद व्हायची भीती नसते आणि सांगायला गोष्टीही असतात.

बॅलार्ड पिअरवरून बोट असेल, तर फोर्ट, सी.एस.एम.टी. परिसर किंवा कुलाबा इथे राहा. दर थोडे जास्त पडतात, पण सकाळची टॅक्सी, धावपळ आणि जिवाची घालमेल वाचते. एवढा खर्च झेपत नसेल, तर दादर-परळकडे साधी लॉजं पाहा. तिथून खाडी नाही, पण वेळ तासभर जास्त धरा.

खोली ठरवताना फोनवर हे चार प्रश्न विचाराच :

१. खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची?
२. खोली सोडल्यावर दोन-तीन तास सामान काउंटरवर ठेवाल का?
३. लिफ्ट आहे का? फोर्टमधल्या जुन्या इमारतींत जिने उंच असतात. गुडघेदुखी असलेल्यांसाठी हा पहिलाच प्रश्न समजा.
४. कोणतं ओळखपत्र चालेल? प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुधा चालत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र सोबत ठेवा.

इंटरनेटवर सापडलेल्या नंबरावर लगेच आगाऊ पैसे पाठवू नका. हॉटेलांच्या नावाने खोटी पानं काढून फसवणारे बरेच आहेत.

६) उलटं वेळापत्रक

आता फळ्यावर मांडू. समजा, गेट दुपारी ३ वाजता बंद होणार आहे. सुरुवात शेवटापासून करायची.

• दुपारी ३ : गेट बंद.
• दुपारी १ : आपण गेटवर. दोन तास हातात.
• १२.१५ : लॉजवरून निघणं. अंतर थोडं असलं तरी टॅक्सी मिळायला वेळ धरा.
• ११ : खोली सोडून सामान काउंटरवर. हलकं जेवण.
• सकाळी ८ : अंघोळ, नाश्ता, औषधं.
• आदल्या रात्री १० : झोप.
• आदल्या दिवशी ४ : खोलीत.
• २.३० ते ३ : गेटवेला उतरणं.
• १.३० च्या सुमारास : मांडव्याहून बोट.
• १२ : अलिबाग सोडणं.

हे आकडे समजण्यापुरते आहेत. बोटींच्या वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. पद्धत मात्र हीच ठेवा. सुलटं मांडलं की आपण विचारतो, "घरून कधी निघू?" उलटं मांडलं की विचारतो, "कुठल्या वेळेनंतर काहीच करता येणार नाही?" दुसरा प्रश्न आधी सुटायला हवा.

७) पिशवी भरताना

मोठी बॅग गेटवर चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि ती काही तासांनी तुमच्या केबिनजवळ येते. म्हणून ओळखपत्र, तिकीट, रोजची औषधं, चष्मा, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. परदेशी बंदरावर जाणारी बोट असेल, तर पासपोर्ट लागतो. त्याची मुदत आजच पाहा.

बहुतेक क्रूझ कंपन्या घरचं शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. तेव्हा मुंबईतल्या मुक्कामासाठी हवी तर भाकरी-चटणी घ्या, पण चकल्यांचा डबा आणि सुकटीची पुरचुंडी जहाजावर जाणार नाही. सुरी, अडकित्ता, इस्त्री यांचंही तेच. पानसुपारीवाल्यांनी अडकित्ता घरीच ठेवावा!

बोट लागण्याचा त्रास असेल, तर गोळी कोणती आणि कधी घ्यायची, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि आदल्या रात्री मुंबई पालथी घालू नका. संध्याकाळी गेटवेवर किंवा मरीन ड्राइव्हवर तासभर बसा, लवकर जेवा आणि झोपा.

शेवटी

चौलच्या त्या काका-काकूंनी पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढलं, या वेळी स्वतःच्या सुपारीच्या पैशातून. आदल्या दिवशी दुपारी मांडव्याहून निघाले, फोर्टमध्ये राहिले. सकाळी काकू म्हणाल्या, "एवढ्या लवकर जाऊन करायचं काय?" काका म्हणाले, "बसायचं." आणि गेट उघडायच्या आधीच ती दोघं सामानावर बसून होती. अगदी आगबोटीच्या काळातल्या माणसांसारखी.

स्वाध्याय

१. जहाज सुटण्याची वेळ आणि गेट बंद होण्याची वेळ यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. तुमच्या गावाहून बॅलार्ड पिअरपर्यंतचे दोन मार्ग लिहा. प्रत्येकात पाणी कुठे ओलांडावं लागतं, ते नकाशावर दाखवा.
३. गेट दुपारी १ वाजता बंद होणार आहे असं समजून उलटं वेळापत्रक तयार करा.
४. उपक्रम : घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या आगबोटींच्या आठवणी विचारा आणि दहा ओळींत लिहून आणा.