शिडी आणि नशीब



गेल्या सुट्टीत हॉलंडमधील कापेल आन डेन आयसेल या गावी माझ्या धाकट्या चुलत बहिणीकडे राहण्याचा योग आला. हे गाव रॉटरडॅमला लागून, नदीच्या काठी आहे. १५९८ साली आपल्या बेटाला मॉरिस राजपुत्राचे नाव देणारे खलाशी याच देशाचे. शेजारच्या गावातील जमीन समुद्रसपाटीपेक्षा पावणेसात मीटर खाली आहे. १९५३ च्या महापुरात या देशात १,८३६ माणसे गेली. पण लोक नशिबाला दोष देत बसले नाहीत. याच नदीवर त्यांनी मोठे जलद्वार बांधले आणि ते १९५८ साली सुरू झाले.

एके सकाळी समोरच्या घराचे छप्पर दुरुस्त करायला कामगार आले. आधी त्यांनी कठड्याची लोखंडी परांची उभी केली, मगच कौलांना हात लावला. मी म्हटले, "एवढ्याशा कामाला एवढा खटाटोप?" बहिणीचे यजमान म्हणाले, "ताई, इथे अडीच मीटरवरून पडण्याचा धोका असला की कठडा किंवा तसाच दुसरा बंदोबस्त करावाच लागतो. शिडी फक्त थोड्या वेळाच्या, हलक्या कामाला."

हे ऐकले आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. गणेश चतुर्थीच्या आधी त्याचे वडील एका घराला रंग देत होते. शिडी ओल्या फरशीवर टेकवलेली होती आणि खाली धरायला कोणी नव्हते. कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचावा म्हणून ते बाजूला वाकले, शिडी सरकली आणि ते गेले. तेराव्यानंतर मुलगा शाळेत आला, तेव्हा त्याच्या वहीवर आईची सही होती. सगळे म्हणाले, "त्यांची वेळ भरली होती." मीही मान डोलावली. आज त्याची मला लाज वाटते.

आम्ही शिक्षक मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवतो. त्याच गणिताने पाहा. पाच मीटरवरून पडणारा माणूस एका सेकंदात जमिनीवर येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. सावरायला वेळच मिळत नाही.

हे दुःख सर्व देशांत आहे. ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षी कामावर १३८ माणसे मेली, त्यांतील ५० उंचावरून पडून. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, ठाणे येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी उंच इमारतीच्या गच्चीवरचे काम संपवून उतरणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. भारतात बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, आपल्याकडे २००५ साली. पण शिडी कशी लावायची हे पाहायला कायदा अंगणात येत नाही. ते आपणच पाहायचे.

नियम सोपे आहेत. शिडी चार हात उंच टेकत असेल, तर पाया भिंतीपासून एक हात दूर ठेवा. जमीन कोरडी आणि सपाट असावी. गच्चीवर चढायचे असेल, तर शिडी काठाच्या एक मीटर वर यावी आणि वरून बांधलेली असावी. चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, सदैव शिडीवर असू द्या. सामान हातात घेऊन चढू नका, दोरीने वर ओढा. बाजूला वाकू नका. खाली उतरा आणि शिडी सरकवा. विजेच्या तारेजवळ धातूची शिडी नेऊ नका. पायरी मोडकी असेल, तर ती शिडी वापरू नका.

१९६० च्या कॅरोल वादळानंतर आपण पक्की घरे बांधायला शिकलो. आता मुलासाठी वरचा मजला चढवतो, सणाला रंग देतो. तेव्हा कामावर येणारा गवंडी किंवा रंगारी, मग तो आपल्या गावचा असो की भारत-बांगलादेशातून आलेला, कोणाचा तरी बाप असतो. मजुरी ठरवताना परांचीचा खर्चही ठरवा. तो वाचवलात, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या घरातील मूल चुकवते.