बोटीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक : फायदा, खर्च आणि ऐब

आम्ही कापडाचे व्यापारी. ब्रेक आणि ट्रेलर यांच्याशी आमचा काय संबंध, असे वाचकबंधू विचारतील. परंतु कोकणातील मुस्लिम घरांतून परदेशी गेलेले कितीतरी तरुण आज गॅरेज आणि वर्कशॉपच्या धंद्यात आहेत. त्यांच्या कामाची माहिती घरच्या मंडळींना नसते आणि त्या कामातील दियानतीचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांचा असतो. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

आमच्या नात्यातील एक मुलगा अमेरिकेत टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यालगत ट्रेलर दुरुस्तीचे काम करतो. तेथे हौसेने मासेमारी करणारे लोक बोट बंदरात ठेवत नाहीत. ती घराच्या अंगणात ट्रेलरवर असते. सुट्टीच्या दिवशी पिकअप गाडीमागे जोडून समुद्रावर न्यायची, ट्रेलर उताराने पाण्यात घालायचा, बोट तरंगली की ट्रेलर बाहेर काढायचा, अशी ती पद्धत आहे. मुलगा घरी आला होता तेव्हा त्याने एक हकीकत सांगितली. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या एका वर्कशॉपमधून जुने ब्रेक काढून इलेक्ट्रिक ब्रेक बसवून घेतले. काम स्वस्तात झाले. एक हंगाम समुद्रात बोट घातल्यावर एके दिवशी सिग्नलला गाडी थांबेना. मागून दोन टन वजन ढकलत होते. सुदैवाने समोर कोणी नव्हते. ट्रेलर आमच्या मुलाकडे आला. ड्रम उघडले तर आत गंजाचा चुरा.

मुलाने आम्हाला विचारले, "मामू, माझ्याकडेही लोक तेच स्वस्त काम मागतात. मी नाही म्हटले तर गिऱ्हाईक जाते. मी काय करावे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी ब्रेक समजून घ्यावा लागेल.

जुना ब्रेक कसा चालतो

अमेरिकेत बोटीच्या ट्रेलरला बहुतेक सर्ज ब्रेक असतो. त्याला वीज लागत नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर जो हुक गाडीच्या गोळ्यावर बसतो, तो थोडा मागेपुढे सरकणारा असतो. चालकाने गाडीला ब्रेक मारला की गाडी मंदावते, पण मागचा ट्रेलर आपल्या वेगाने पुढे ढकलत राहतो. त्या रेट्याने हुक आत सरकतो, मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक ऑइल चाकांपर्यंत दाब नेते. ट्रेलर जितका जोराने रेटेल तितका त्याचा ब्रेक जोराने लागतो.

ही रचना साधी आणि चांगली आहे. कोणतीही गाडी जोडा, ब्रेक चालतो. पाण्यात बुडाल्याने विजेचे काही बिघडत नाही, कारण ब्रेकमध्ये वीजच नाही. पण तिच्या तीन उणिवा आहेत. पहिली, ब्रेक चालकाच्या हातात नाही. ट्रेलर रेटेल तेव्हाच तो लागणार. लांब उतारावर चालक इंजिनच्या जोरावर गाडी रोखतो तेव्हाही ट्रेलर रेटतच असतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत लागून तापतात. दुसरी, ट्रेलर चढावर मागे घेताना हुक आत दाबला जातो आणि ब्रेक लागून बसतो. त्यासाठी गाडीच्या मागच्या दिव्याच्या विजेवर चालणारा वेगळा व्हॉल्व बसवावा लागतो, किंवा मागे जाताना न लागणारे ब्रेक घ्यावे लागतात. तिसरी, ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक लावून त्याला सरळ करता येत नाही.

इलेक्ट्रिक ब्रेक कसा चालतो

इलेक्ट्रिक ब्रेक ही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट गावी १९२७ मध्ये वॉर्नर यांच्या कंपनीने या कामाला सुरुवात केली होती. रचना अशी की प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज सोडली की तो फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहतो. ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडा ओढून नेतो. चुंबक ज्या दांडीला जोडलेला असतो ती दांडी हलते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबते. म्हणजे वीज फक्त इशारा देते, मेहनत फिरणारे चाकच करते. म्हणून थोड्या विजेत काम भागते. १२ व्होल्टवर एका चुंबकाला सुमारे ३ अँपिअर लागतात. दोन ॲक्सलच्या, चार ब्रेकच्या ट्रेलरला पुऱ्या जोरात सुमारे १२ अँपिअर झाले.

किती वीज सोडायची हे चालकासमोरचा कंट्रोलर ठरवतो. तो दोन प्रकारचा असतो. एक ठरलेल्या वेळेत ठरलेला जोर देतो. दुसरा गाडी किती वेगाने मंदावते ते ओळखून त्या प्रमाणात जोर देतो. दुसरा महाग असला तरी तोच बरा. हल्लीच्या पुष्कळ पिकअप गाड्यांत तो कारखान्यातूनच बसवलेला येतो. दोन्हींत हाताने चालवायची एक पट्टी असते. ट्रेलर हेलकावू लागला की ती दाबायची. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागे ओढला जाऊन सरळ होतो. एकंदरीत ब्रेक चालकाच्या हुकमात येतो, हा या बदलाचा खरा फायदा होय.

खाऱ्या पाण्याचा ऐब

मग अडचण कोठे आहे? अडचण बोटीत आहे. घोड्यांचा ट्रेलर, सामानाचा ट्रेलर, राहायचा ट्रेलर यांना इलेक्ट्रिक ब्रेक उत्तम चालतो, कारण ते पाण्यात बुडत नाहीत. बोटीचा ट्रेलर चाकांवर पाणी येईपर्यंत आत जातो. ड्रम म्हणजे झाकलेले भांडे. खारे पाणी आत शिरले की मीठ आतच राहते. चुंबकाचा चेहरा गंजतो, तो ज्या भागाला घासतो तो गंजतो, दांडी तिच्या खुंटीवर अडकते, वायरीच्या जोडात हिरवा थर चढतो. जोड खराब झाला की व्होल्ट कमी पोहोचतात आणि ब्रेक दिवसेंदिवस कमजोर होत जातो. चालकाला कळत नाही, कारण गाडीचा स्वतःचा ब्रेक काम करीत असतो. कळते ते एकदम, संकटाच्या वेळी.

ज्याची बोट फक्त तलावात, गोड्या पाण्यात जाते, त्याला इलेक्ट्रिक ड्रम काही वर्षे चालू शकतात, पण देखभाल करावी लागेल. ज्याची बोट समुद्रात जाते त्याला ते बसवून देणे म्हणजे ऐब असलेला माल विकणे आहे.

तिसरा मार्ग

सुदैवाने तिसरा मार्ग आहे. चाकांवर ऑइलवर चालणारे ब्रेकच ठेवायचे, शक्यतो गंज न लागणाऱ्या धातूचे डिस्क ब्रेक, कारण डिस्क उघडी असते आणि गोड्या पाण्याने धुता येते. सरकणारा हुक काढून तेथे साधा हुक लावायचा. मास्टर सिलिंडरच्या जागी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, पाण्यापासून उंच, विजेवर चालणारा पंप बसवायचा. कंट्रोलरचा इशारा पंपाला मिळतो आणि पंप ऑइलचा दाब तयार करतो. हुकूम विजेचा, काम ऑइलचे, आणि पाण्यात विजेचे काहीच जात नाही.

पंप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ड्रम ब्रेकसाठी सुमारे १००० पीएसआय दाबाचा आणि डिस्क ब्रेकसाठी सुमारे १६०० पीएसआय दाबाचा, असे दोन प्रकार येतात. ड्रमचा पंप डिस्कला लावला तर ब्रेक पुरेसा लागणार नाही. तसेच प्रत्येक कंट्रोलर प्रत्येक पंपाशी जुळत नाही. हे खरेदीपूर्वी तपासावे.

या पद्धतीचा खर्च साध्या इलेक्ट्रिक ड्रमच्या कित्येक पट होतो. गिऱ्हाईक चमकते ते येथेच.

काम करताना

मुलाच्या अनुभवावरून पुढील गोष्टी मिस्त्री बंधूंसाठी देत आहोत.

१) आधी वजन करा. बोट, इंजिन, ट्रेलर आणि इंधन सर्व धरा. ३०० लिटर पेट्रोलचेच वजन २२० किलोच्या आसपास भरते. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत ३००० पौंडांवरील, म्हणजे सुमारे १३६० किलोंवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १५०० पौंड आहे. ऑस्ट्रेलियात दोन टनांवर सर्व चाकांना ब्रेक लागतात आणि ते चालकाच्या जागेवरून चालवता आले पाहिजेत. तेथे इतक्या वजनाला सर्ज ब्रेक चालत नाही.

२) वायर जाड घ्या, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची. जोड डाख देऊन वरून नळीने बंद करा. परतीची वायर थेट जोडणीच्या पिनपर्यंत आणा. हुकाच्या गोळ्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका. अमेरिकेतील सात पिनांच्या जोडणीत निळी वायर ब्रेकची, पांढरी परतीची आणि काळी बॅटरीची असते.

३) ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच आणि त्याची बॅटरी विसरू नका. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात असा ब्रेक किमान १५ मिनिटे लागून राहिला पाहिजे असे म्हटले आहे. स्विचची दोरी गाडीच्या सांगाड्याला बांधा, हुकाला नव्हे.

४) इलेक्ट्रिक ड्रम बसवत असाल तर डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो हे ध्यानात ठेवा. बसवल्यावर ॲमीटर लावून प्रत्येक चुंबक सुमारे ३ अँपिअर घेतो का ते पाहा. कमी आले तर जोडात दोष आहे. नवे शू एकदम पुऱ्या जोराने धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस वेळा ब्रेक मारून ते बसू द्यावे लागतात.

५) गिऱ्हाइकाला सांगा, की समुद्रावर पोहोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नये. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाते. थोडा वेळ थांबावे. पाण्यात घालण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे.

व्यापाराची गोष्ट

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्याला आमच्या धंद्यातील गोष्ट सांगितली. ताग्यात एखादा तार तुटलेला असतो, एखादा डाग असतो. दिव्याखाली तागा उलगडून गिऱ्हाइकाला तो डाग दाखवणे हे आमचे काम. दाखवून किंमत कमी केली तर सौदा पाक. झाकून विकला तर शरीयतने गिऱ्हाइकाला सौदा मोडण्याचा हक्क दिला आहे. फिकहमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. कुरआन शरीफमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांवर एक संपूर्ण सूरह आहे, तिचे नावच अल-मुतफ्फिफीन आहे. कापडाचा डाग डोळ्यांना दिसतो. ड्रममधला गंज गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून मिस्त्रीची जबाबदारी आमच्याहून मोठी आहे.

याची दुसरी बाजूही आहे. महाग काम गळ्यात मारण्यासाठी भीती घालणेही चूक. सर्ज ब्रेक बेकायदा झाला, असे सांगून काही जण गिऱ्हाईक पटवतात. ते खरे नाही. अमेरिकेत २००७ मध्ये व्यापारी गाड्यांनाही ठरावीक वजनापर्यंत सर्ज ब्रेक वापरण्याची मुभा देण्यात आली. १२,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरचे मंजूर वजन ओढणाऱ्या गाडीच्या मंजूर वजनाच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त नसावे, एवढी अट आहे. सपाट मुलुखात हलकी बोट नेणाऱ्याचा सर्ज ब्रेक चांगला असेल तर त्याला सांगावे, भाईसाहेब, ऑइल बदला, लायनर बदला आणि पैसे वाचवा.

म्हणून आम्ही मुलाला म्हटले, गिऱ्हाइकाला तीन किमती लिहून दे. जुना ब्रेक दुरुस्त करण्याची, इलेक्ट्रिक ड्रमची आणि विजेच्या पंपाची. दुसऱ्या किमतीसमोर स्पष्ट लिही, की खाऱ्या पाण्यासाठी नाही. एवढे वाचूनही कोणी समुद्राच्या बोटीला तेच बसवून मागितले तर हात जोड. डागाचा कपडा घालून कोणी मरत नाही, ब्रेकची गोष्ट तशी नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्याने तर तुझ्याशी सौदाही केलेला नसतो.

आपल्याकडे बोटीचे ट्रेलर क्वचित दिसतात. पण उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या धावतात आणि त्यांतील पुष्कळांना स्वतःचा ब्रेक नसतो, हे पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नको. मागचे वजन ज्याने जोडले त्यानेच त्याच्या थांबण्याची सोय करावी, हा हिशेब टेक्सासमध्ये आणि कोल्हापुरात एकच आहे.

मुलगा परत गेला. एक गिऱ्हाईक गेले, दोन राहिले, असे त्याने फोनवर कळवले. अल्लाह त्या दोघांत बरकत देवो.