जुलै १९१४चे आरोपपत्र

व्हर्सायच्या तहातील २३१व्या कलमाने पहिल्या महायुद्धातील नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला : १३२ अब्ज सुवर्ण मार्क. ते कलम म्हणजे हरलेल्याकडून घेतलेला कबुलीजबाब होता. त्यामुळे युद्धाला जबाबदार कोण हा वाद मिटला नाही, चिघळला.

बर्लिनने उत्तर दप्तरांनी दिले. १९२२ ते १९२७ दरम्यान आपल्या परराष्ट्र खात्याच्या कागदांचे चाळीस खंड छापून काढले. मग इतर सरकारांनाही कपाटे उघडावी लागली. १९२८ मध्ये अमेरिकेच्या सिडनी फे यांनी दोष सगळ्यांत वाटून टाकला. इटलीचे संपादक लुइजी अल्बर्टिनी यांना फॅसिस्ट राजवटीत वृत्तपत्र सोडावे लागले. पुढची वर्षे त्यांनी याच प्रश्नाला दिली. त्यांचे तीन खंड आजही बाजूला ठेवता येत नाहीत.

खरी ठिणगी पडली ती १९६१ मध्ये, आणि तीही जर्मनीतच. हॅम्बुर्गचे प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांनी चान्सलर बेटमान होलवेग यांचे ९ सप्टेंबर १९१४चे टिपण पुढे आणले. बेल्जियम मांडलिक करायचे, फ्रान्सच्या लोहखाणी घ्यायच्या, मध्य युरोपाचा बाजार बर्लिनच्या मुठीत आणायचा. गेरहार्ड रिटरसारखे ज्येष्ठ इतिहासकार संतापले. फिशर यांच्या अमेरिकेतील व्याख्यानांचे पैसे जर्मन परराष्ट्र खात्याने ऐनवेळी थांबवले. तिथल्या विद्यापीठांनीच खर्च उचलला. फिशर यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण टिपण युद्ध सुरू झाल्यानंतरचे आहे. युद्धात काय मिळवायचे होते ते त्यातून कळते. युद्ध का सुरू केले ते त्यातून सिद्ध होत नाही.

शताब्दीच्या तोंडावर काटा पुन्हा फिरला. इतिहासकार शॉन मॅकमीकिन यांनी २०११ मध्ये रशियाकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सारेच झोपेत चालत गेले, असे चित्र उभे केले. सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख ‘आपिस’ ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येच्या कटात होता, फ्रान्सचे अध्यक्ष प्वॅंकारे ऐन जुलैत पीटर्सबर्गला जाऊन पाठिंबा देऊन आले, ३० जुलैला झारने सर्वंकष सैन्य-जमवाजमवीचा हुकूम दिला, हे सारे खरेच.

तरीही झोपेत चालण्याची उपमा मला पटत नाही. ५ जुलैला पॉट्सडॅमला कैसरने ऑस्ट्रियाच्या दूताला बिनशर्त साथ कबूल केली, तेव्हा सगळे टक्क जागे होते. २३ जुलैला व्हिएन्नाने सर्बियाला ४८ तासांचा खलिता धाडला, तो नाकारला जावा अशाच बेताने लिहिलेला. सर्बियाने बहुतेक अटी मानल्या. आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकारी घ्यायला तेवढा नकार दिला. २८ जुलैच्या सकाळी ते उत्तर वाचून खुद्द कैसरने युद्धाचे कारणच उरले नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांची चार सत्तांच्या परिषदेची सूचना बर्लिनने आदल्याच दिवशी धुडकावली होती. ग्रे यांनीही जर्मनीला स्पष्ट इशारा द्यायला २९ तारीख उजाडू दिली, हा त्यांचा दोष. पण तो दिरंगाईचा, युद्ध मागण्याचा नव्हे.

आपल्याला हा वाद परका नाही. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले गेले. ७४ हजारांच्या आसपास सैनिक परतले नाहीत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ला तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्यांच्यापुढे ‘सगळेच थोडे थोडे चुकले’ हे उत्तर ठेवायला माझे मन धजत नाही. पहिला दोष व्हिएन्नाचा, कारण युद्ध तिला हवे होते. तितकाच बर्लिनचा, कारण ते थांबवणे तिच्या हातात होते. पीटर्सबर्गचा त्यानंतर; पॅरिस आणि लंडनचा बराच मागून.