पाकशाळेंत शिरलेला परीक्षक

माझ्या आईचा गोडा मसाला आमच्या आळींत नांवाजलेला होता. 'दगडफूल किती घालावें?' असें कोणी विचारलें म्हणजे ती म्हणे, 'हाताला कळेल तेवढें.' पुढें ती गेली, डब्यांतला शेवटचा चमचाहि संपला, आणि तो मसाला आमच्या घरीं पुन्हा झाला नाहीं. तिच्या हाताला जें कळत होतें, तें आम्हां कोणाच्याहि वहींत उतरलें नव्हतें. आज ज्या गृहस्थांविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांनीं आयुष्यभर याच हानीशीं झगडा केला.

त्यांचें नांव जे. इंदरसिंग कालरा, परंतु लोक त्यांना जिग्ज कालरा या नांवानेंच ओळखीत. जन्म १९४७ चा. शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजांत झालें व नंतर ते वृत्तपत्रव्यवसायांत शिरले. खुशवंतसिंग मुंबईस 'इलस्ट्रेटेड वीकली'चे संपादक असतांना त्यांच्या हाताखालीं कालरांनीं उमेदवारी केली. नाटकाचें वा गाण्याचें परीक्षण वाचण्याची आपणां सर्वांस संवय होती; परंतु उपाहारगृहांतील ताटाचेंहि परीक्षण होऊं शकतें, ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांना थट्टेची वाटत असे. कालरांनीं ती गंभीरपणें घेतली.

अन्नाचें परीक्षण म्हणजे 'रुचकर आहे' किंवा 'खारट झालें' एवढेंच सांगणें नव्हे. पदार्थ मुळांत कसा असावयास हवा, तो कोणत्या प्रांताचा, हें ज्ञान जिभेच्या पाठीशीं असावें लागतें. या ज्ञानाच्या शोधांत कालरा दिवाणखान्यांतून थेट भटारखान्यांत गेले, आणि तेथें त्यांना एक विपरीत प्रकार दिसला. हॉटेलाचें नांव सर्वांच्या तोंडीं, परंतु पदार्थ करणारा उस्ताद मात्र निनांवी! बाप किंवा चुलता यांच्या हाताखालीं लहानपणापासून भांडीं घासतां घासतां तो शिकलेला असे. मसाल्याची पूड तो आडोशाला जाऊन करी, आणि प्रमाण विचारलें तर तोहि माझ्या आईप्रमाणेंच 'अंदाज' हा एकच शब्द उच्चारी.

या अंदाजावर किती अवलंबून असतें, याचें उदाहरण म्हणजे लखनौचा गलौटी कबाब. त्याच्या खिम्यांत कच्च्या पपईचा लगदा घालतात. पपईच्या चिकांत पपेन नांवाचें द्रव्य असतें. तें मांसांतील प्रथिनें तोडून त्यास मऊ करतें. लगदा कमी पडला तर कबाब चिवट होतो. अधिक पडला किंवा फार वेळ मुरला तर त्याचा गोळाच धरत नाहीं, तव्यावर पसरतो. मध्यें जी अरुंद वाट आहे, ती उस्तादाच्या बोटांना ठाऊक. बोटें गेलीं कीं वाटहि बुजली.

कालरांनीं या उस्तादांचा विश्वास संपादन केला आणि १९८६ सालीं 'प्रसाद' हें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत वजनें-मापें देऊन कृती लिहिल्या आहेत. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट ही कीं, ज्यांच्या त्या कृती, त्या बल्लवाचार्यांचा परिचयहि त्यांत वाचकांस करून दिला आहे. लखनौचे इम्तियाझ कुरेशी हे त्यांपैकींच एक. कणकेनें झांकण लिंपून मंद विस्तवावर अन्न शिजविण्याची 'दम'ची रीत त्यांनीं दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत नांवारूपास आणली. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें १९७० सालींच वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें होतें, हें येथें अभिमानानें नमूद केलें पाहिजे. मात्र त्या घरच्या स्वयंपाकाला शब्द देत होत्या. कालरा दुसऱ्याच्या पोटापाण्याचें गुपित मागत होते, आणि तें काम अधिक नाजूक होतें.

पुढें ते दूरदर्शनच्या 'दावत'मध्यें दिसले, उपाहारगृहांचे सल्लागार झाले, आणि २०१३ सालीं मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलांत मुलासह त्यांनीं 'मसाला लायब्ररी' काढली. येथें मात्र माझें मन थोडें अडखळतें. मीं तीसएक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. परीक्षकानें शिकवणी घेऊं नये, हा आमच्या धंद्यांतील जुना दंडक. जो स्वतः दुकान मांडतो, त्यानें शेजारच्या दुकानाविषयीं दिलेला निकाल निःपक्षपाती कसा मानावा? हा आक्षेप मी मागें घेत नाहीं. परंतु ते भटारखान्याच्या बाहेरच राहिले असते तर 'प्रसाद' लिहिलेंच गेलें नसतें, हेंहि तितकेंच खरें.

उत्तरायुष्यांत पक्षाघातानें त्यांना चाकांच्या खुर्चींत बसविलें. तरी चव घेऊन दोष सांगण्याचें काम सुटलें नाहीं. २०१९ च्या जून महिन्यांत ते वारले. कुरेशी २०२४ सालीं गेले. मी शाकाहारी असल्यामुळें दोघांच्या प्रसिद्ध कबाबांविषयीं माझें मत विचारांत घेण्याजोगें नाहीं. आमच्या सूनबाई मात्र 'प्रसाद'मधील एक डाळ करतात. त्या पानावर त्यांनीं मिठाच्या आंकड्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढून बाजूस 'थोडें कमी' असें लिहून ठेविलें आहे.