कोरा दाखला

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा मागे टाकते आणि राई येते. अशा जुन्या गावात ‘मूल कोणाकडे ठेवता?’ या प्रश्नाचे उत्तर एका आडनावात संपायचे. अमक्यांची सून सांभाळते, एवढे पुरे. अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासीच असावी, या सरकारी अटीमागेही तोच हिशेब आहे. पण सकाळची लोकल गाठणाऱ्या भाईंदरच्या आई-बापांची मुले आता सांभाळतात त्या पाळणाघरातल्या, नर्सरीतल्या आणि स्कूल व्हॅनमधल्या मावश्या आणि काका. त्यांचा पत्ता अकरा महिन्यांच्या भाडेकराराबरोबर बदलतो. दहिसर चेकनाका ओलांडून राहायला गेले, तर हद्द मुंबई पोलिसांची. अलीकडच्या बाजूला राहिले, तर मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची, आणि तेही ऑक्टोबर २०२० पासून, त्याआधी ठाणे ग्रामीणची. गावाची ओळख जिथे पुरत नाही, तिथे आता पोलीस पडताळणीचा कागद आला आहे. हा कागद हवाच, पण तो नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे न पाहता आपण तो फाइलला लावून निर्धास्त होतो.

कागद मिळतो कसा ते पाहू. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला फोटो, आधार, राहण्याचा पुरावा आणि कामाच्या ठिकाणचे पत्र जोडायचे, शुल्क भरायचे. अर्ज हद्दीच्या पोलीस ठाण्यात जातो. तिथे नाव आणि पत्ता नोंदींशी ताडून पाहिला जातो, आणि प्रतिकूल काही आढळले नाही अशा अर्थाचे एक वाक्य छापून येते. सगळी मेख ‘आढळले नाही’ या शब्दांत आहे. हा माणूस मुलांजवळ ठेवण्यासारखा आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. त्याच्याविरुद्ध नोंद सापडली नाही, एवढेच म्हटलेले असते. आणि नोंद होण्यासाठी आधी कुणीतरी तक्रार करावी लागते, ती कुणीतरी लिहून घ्यावी लागते.

बदलापूरचे प्रकरण या अंगाने पुन्हा वाचायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचा आरोप ज्याच्यावर झाला, तो सफाई कर्मचारी १ ऑगस्टला कंत्राटी म्हणून लागला होता. पंधरवडाही झाला नव्हता. लोक २० ऑगस्टला रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. सुरक्षारक्षक, सफाईवाले, मदतनीस, बसचालक अशा सगळ्यांची, कंत्राटी असले तरी, पोलीस पडताळणी करा, सीसीटीव्ही बसवा, लहान मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमा. वाचणाऱ्याला वाटावे की नियम तेव्हा जन्मला. खरे तर मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांतच शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादम्या अशा मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम आणि कंत्राटी, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, सर्वांची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी असे लिहिले होते. साडेचार वर्षे तो नियम कागदावर होता. पण माझ्या मते त्या प्रकरणातली याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले, आणि घटना पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. जिथे तक्रार दाराशीच अडते, तिथल्या पडताळणीत सापडायचे तरी काय?

इंग्लंडने हा धडा फार महाग शिकला. सोहम नावाच्या गावात ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याची चौकशी न करता त्याला नेमले होते असे नाही. चौकशी झाली होती. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी येऊन गेल्या होत्या, पण शिक्षा एकाही प्रकरणात झाली नव्हती, नोंदी नीट जपलेल्या नव्हत्या, आणि नोकरीचा अर्ज त्याने दुसऱ्या आडनावाने केला होता. या प्रकरणासाठी नेमलेल्या बिचर्ड चौकशीने २००४ मध्ये हे सगळे उघड केले. पुढे कायदा बदलला, स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तरी कागदाची मर्यादा काही जात नाही. मेलबर्नमध्ये २०२५ साली ज्या बालसंगोपन कर्मचाऱ्यावर मुलांवरील अत्याचाराचे आरोप ठेवले गेले, त्याच्याकडे मुलांसोबत काम करण्याचा वैध परवाना होता. त्यानंतर सुमारे १२०० मुलांच्या तपासण्या करायला पालकांना सांगावे लागले.

मग हा कागद फेकून द्यायचा का? मुळीच नाही. ज्याला शिक्षा झाली आहे तो माणूस निदान त्याने अडतो, आणि पडताळणी होणार हे कळले की काही जण अर्जच करत नाहीत. खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मोलाचा आहे. या जाचात भरडल्या जातात त्या गरीब बायका. महिन्याला काही हजारांवर काम करणाऱ्या मावशीने अर्धा दिवस बुडवून ठाण्यात का जावे, गावाकडचा पत्ता जुळला नाही म्हणून काम का गमवावे? यावर उत्तर सोपे आहे, फक्त संस्थांना नको असते. शुल्क आणि हेलपाटे संस्थेने सोसावेत, तो दिवस पगारी धरावा, आणि शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची जुनी केस व मुलाशी केलेला गैरप्रकार यांत फरक करावा. दुसरे म्हणतात, आमची मावशी ओळखीची आहे, गावातली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच दाखवते की मुलांवरील बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात. आणि बाई आहे म्हणून निश्चिंत राहावे, तर खारघरच्या पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला मारणारी आयाच होती. कॅमेरा तिथेही होता. त्याने सगळे टिपले, पण बाळ जखमी होऊन बोभाटा होईपर्यंत ते फुटेज कुणी पाहिले नव्हते.

कागद जे सांगत नाही, ते विचारायला फारसा खर्च येत नाही. आधी कुठे काम केले, ते का सोडले, हे मागच्या दोन मालकांना फोन करून विचारायचे. मोठ्या माणसाला मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहावे लागणार नाही अशी कामाची वाटणी लावायची. पडताळणी दरवर्षी नव्याने करायची. पण मागचा मालक खरे सांगेल का, हीच अडचण आहे. शाळेचे नाव जाऊ नये म्हणून ज्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगून काढले, तो पुढच्या महिन्यात शेजारच्या उपनगरात कोरा दाखला घेऊन उभा राहतो, आणि तो दाखला खोटा नसतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते, आणि दडपलेले प्रकरण तर त्यांनाही दिसत नाही. दाखल्याची किंमत ठाण्यात नव्हे, आधीच्या मुख्याध्यापकाच्या किंवा पाळणाघर चालवणाऱ्या बाईंच्या खोलीत ठरलेली असते.

म्हणून पाळणाघराची फी आणि वेळ विचारताना पालकांनी आणखी एक विचारावे: याआधीच्या मावशी का गेल्या? आणि संस्था चालवणाऱ्यांनी पोक्सोचे कलम २१ एकदा वाचावे. गुन्हा ठाऊक असून न कळवणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत.