पारावर मास्तरांची टिंगल, वर्गात पोरांचा गोंधळ

मास्तर लोकांचा पगार हा पारावरचा न संपणारा विषय. "सातवा वेतन आयोग लागलाय, काम काय तर पोरं राखायची," असं बाप बोलतो आणि शेजारी बसलेलं पोरगं ऐकतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणतात, "वही काढ." पोरगं जागचं हलत नाही. बाकीची फिदीफिदी हसतात. धडा तिथंच अडतो.

आता हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. म्हणजे दिवसाला चार तास. पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. एकेका गुरुजींपुढं दोन-तीन इयत्ता. चौथीतल्या एकाला गप्प करता करता तिसरीची पोरंही ताटकळतात. रोजची १० मिनिटं अशी गेली तर वर्षाची २००० मिनिटं झाली. ३३ तास! आठ दिवसांची शाळा बुडाली. कालव्याची पाळी आठ दिवस लांबली तर आपण पाटबंधारे कचेरीत भांडायला जातो.

कोणी म्हणेल, छडी होती तेव्हा पोरं सुतासारखी सरळ होती. २०१० पासून लागू झालेल्या या कायद्यानं मारायला बंदी आहे, आणि ते बरंच झालं. छडीच्या धाकानं शाळा सोडून गुरांमागं गेलेली माणसं गावोगाव सापडतील. पण तेव्हा पोरानं घरी तक्रार नेली, तर आई आधी विचारायची, "तू काय केलंस?" आता बाप फटफटी काढून थेट वर्गाच्या दारात. गुरुजींचं चुकलं असेलही. पण पोरांदेखत झापल्यावर त्यांचा शब्द पुढं चालत नाही. मग गुरुजी नको ती कटकट म्हणून त्या पोराकडं बघणंच सोडतात. तक्रार मिटते, आणि सातवीत गेलं तरी पोराला भागाकार येत नाही.

अर्थात गुरुजीच अकराच्या एस.टी.नं उतरत असतील, तासाला मोबाइल बघत असतील, तर मान कुठून मिळणार? हेही बोललंच पाहिजे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक, आणि एकूण निम्म्या महिला. पण कित्येक गावांत तिची बैठक रजिस्टरातच भरते. वही घरी येते, सही होते, संपलं.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी इथं लक्ष घालावं. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक लावली तर बाया येणार कशा? धारा काढून झाल्यावर, संध्याकाळी लावा. आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर आजीला बोलवा. पोरगं तिच्याजवळच असतं. गुरुजींना खुर्ची आणि पालकांना सतरंजी असं नको, सगळेच सतरंजीवर बसा. काय भांडायचं ते तिथं भांडा. पोरांना तेवढं घरी ठेवा.